मापांची वही

रुवीत, बसस्थानकामागच्या तिसऱ्या गल्लीत
हमदुले टेलरचं दुकान, आठ फूट बाय सहा.
एसी टपकतो तिथे खाली बिर्याणीचा रिकामा डबा,
आणि डब्यात पाणी पडत राहतं
मशीन थांबलं की ऐकू येईल इतपत.

पहिल्या दिवशी मी फॉर्म घेऊन गेले होते.
दात्याचे नाव. संस्थेचे नाव. नोंदणी क्रमांक.
दानाचा हेतू, खालीलपैकी एक.
हमदुलेंनी चष्मा कपाळावर चढवला, सगळं वाचलं,
मग माझ्याच पेन्सिलीने त्यावर
कुठल्यातरी खिशाचा आकार काढला
आणि कात्रीने कापून घेतला.
"कागद बरा हाय," म्हणाले. "जाड हाय."

तीन वर्षांची शिष्यवृत्ती आहे माझी.
आखाती स्थलांतरितांमधील परोपकार आणि नागरी समाज.
विषय मीच सुचवला, मुलाखतीत छान बोलले,
समितीतल्या एका बाईंनी दोनदा मान डोलवली.
इथे येऊन बघते तर
समाज आहे.
नागरी कोण, ते व्हिसावर छापलेलं असतं.

चौथ्या महिन्यात वही दिसली.
निळी, लांबोडकी, मापांची.
रज्जब, बाही पाच.
मल्लय्या, बाही दोन.
कुंजुमोन, छाती दहा.
शफीउल, बाही अर्धी.
अर्ध्या बाहीचा माणूस कसा काय, मी विचारलं.
हमदुले दोरा दातांत धरून हसले.
"गाड्या धुतो तो. अर्धा रियाल.
आन त्या महिन्यात पगारच नव्हता त्येचा."

पान मागे उलटलं त्यांनी.
सगळ्यात वर: लांबी, पावणेसहा फूट.
खाली अडतीस मापं.
ती लांबी पेटीची होती.
निजामाबादकडचा पोशन्ना, परातीवरून पडलेला,
परातीवरून म्हणजे बांबूच्या फळीवरून, दुसऱ्या मजल्याच्या,
कंपनीला कुलूप, मालकाचा फोन बंद,
अकरा दिवस शवागारात.
परवान्याशिवाय वर्गणी काढता येत नाही,
म्हणून अडतीस जणांनी
त्याला कागदावर सदरा शिवला
आणि विमानाने घरी पाठवला.

त्या रात्री खोलीवर मी तक्ता उघडला.
खरं सांगते, आनंद झाला होता मला,
स्वतःची लाज वाटावी इतका.
अजून कुणी न पाहिलेली गोष्ट,
एक अख्खं प्रकरण, एखादी परिषद, कदाचित लिस्बन.
'संस्थेचे नाव'पाशी कर्सर लुकलुकत होता.
मी 'बाही' लिहिलं.
खोडलं.
प्रबंध कुणालाही वाचता येतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं,
"तुला कोन देता पैशे?"
एक न्यास आहे, म्हटलं. एका शेठजींच्या नावाचा.
ते वारले, त्याला चाळीस वर्षं झाली.
हमदुलेंनी खडूची धार फुंकली.
"म्हंजे मेलेला मानूस जित्याला देतो.
आमचा उलटा हाय."

मलाही लिहा वहीत, मी म्हणाले.
त्यांनी गळ्यातली टेप काढली.
"आधी खरा माप दे."
खांदा साडेचौदा. उंची एकोणचाळीस. बाही सतरा.
गळा चार.
गळा चार म्हणताना टेप त्यांनी लावलीच नाही,
हात पुढे केला.

सहामाही अहवालात मी लिहिलं:
क्षेत्रकार्य सुरू आहे. आकडेवारी उपलब्ध नाही.
समितीचं उत्तर आलं, सभ्य आणि लांब,
आकड्यांविषयी पुन्हा एकदा विचार व्हावा.

कुर्ता बुधवारी मिळाला.
खिसा मी सांगितला नव्हता.
डाव्या बाजूला आहे, आतून,
तळाशी थोडा तिरका,
माझ्या फॉर्ममधून कापलेला होता तसाच.