पहिल्या दिवसाचं काम

सस्काचेवानातला ऑगस्ट. बेलर जोडून उभा.
मी चौदाची, ट्रॅक्टरची किल्ली मागत.

ओरेस्टमामा म्हणाला, आधी हुडीची नाडी ओढून काढ.
केस टोपीत.
मग फिरत्या दांड्यावरचं पिवळं झाकण दाखवलं:
हे नसेल तर मशीन बंद.
बंद म्हणजे किल्ली खिशात,
जो वाकणार त्याच्याच खिशात.

किती जोरात फिरतो हा?
तू ‘एक’ म्हणेपर्यंत नऊदा.

एक! मी ओरडले, हसले.
तो नाही हसला.
बादली उपडी घालून बसला,
पाय पुढे केला:
ही बांध.
सकाळी हान्या बांधते, दुपारी सुटते.

मी बांधली बुटाची नाडी, दोन्ही हातांनी,
दुहेरी गाठ.

किल्ली नाहीच मिळाली.
सोळाची हो, म्हणाला.
कोठारात झाडू आहे.