बत्तीस मिनिटं

चाळीस मिनिटांचा तास.
ऋजुता चाबुकस्वार, नववी ब, खिडकीकडचा तिसरा बाक,
आठ मिनिटांत उदाहरणसंग्रह संपवते
आणि पेनाचं टोपण चावत बसते.

मी काय काय केलं, ते सांगते.
आधी म्हटलं, झालं का? मग पुढची दहा सोडव.
तीच गणितं, फक्त आकडे वेगळे.
जेवण लवकर संपवलं म्हणून
शिक्षेला पुन्हा तेच ताट.
मग खडू आणायला पाठवलं,
मग हजेरीची बेरीज करायला,
मग काजल शिर्केच्या शेजारी बसवून म्हटलं, हिला शिकव.
काजल तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली,
बाई, ही मधल्या पायऱ्या गाळते,
आणि मी नेमकी त्या पायऱ्यांवरच उभी असते.

स्टाफरूममध्ये विषय काढला.
घोरपडे सर चहात खारी बुडवत म्हणाले,
तिची काय काळजी? ती कुठंही टाका, उगवेल.
तुमचे अकरा जण काठावर आहेत, त्यांचं बघा.

खोटं नव्हतं ते.
अकरांची नावं मला पाठ आहेत,
रात्री दोनला जाग आली तर हजेरीच्या क्रमानं येतात.
ऋजुताचं नाव त्यात कधी आलं नाही
आणि हेच मला तिचं सुख वाटत राहिलं.

डिसेंबरात वह्या तपासताना
तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं, बारीक:
३२ × २०० = ६४००
६४०० ÷ ६० = १०६ तास ४० मिनिटं.
ना वर प्रश्न, ना खाली तक्रार.
फक्त उत्तराभोवती चौकट,
मीच शिकवलेली.

लाल पेन हातात होतं.
बरोबरची खूण करायची की नाही, कळेना.

दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारात उतरण्याऐवजी
गेंडीगेटला गेले, एक फिरकी घेतली.
साध्या सुताची, मांजा नको म्हटलं.
उत्तरायणाला महिना होता,
दुकानदार हसला, आटलुं वहेलुं, बेन?

तिच्या बाकावर ठेवली.
यात दोरी किती, सांग. उलगडायची नाही.
पुस्तकात नाही हे. मलाही येत नाही.

टोपण चावणं थांबलं.
नऊ दिवस. फेरे मोजले, थर मोजले.
फिरकीचं पोट फुगत जातं तसा प्रत्येक फेरा वाढतो,
हे तिला चौथ्या दिवशी दिसलं,
त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.
पान खोडून खोडून त्याला भोक पडलं.
मी मदत केली नाही.
करता आली असती असंही नाही.

शनिवारी, शाळा सुटल्यावर, मैदानात उलगडली,
या खांबापासून त्या खांबापर्यंत, परत, परत.
एक टोक भिखाभाईंच्या हातात
(शिपाई, निवृत्तीला दोन वर्षं, गुडघे दुखतात),
दुसरं तिच्या. मोजपट्टी काजलकडे.
काजलनं एकही पायरी गाळली नाही,
दर दहा मीटरला खडूची रेघ.

ऋजुताचं उत्तर एकोणचाळीस मीटरनी चुकलं.

चुकलं, बाई! ती ओरडली,
बक्षीस लागल्यासारखी.
दोन वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज
मी ऐकला नव्हता.

तोवर भिखाभाईंनी दोरीचा पार गुंता केलेला.
छोडो ने बेन, कापी नाखो, म्हणत ते चपला शोधायला गेले.
आम्ही तिघी पायरीवर बसून सोडवत राहिलो.
सुरसागरकडून वारा येत होता,
सुटलेलं पुन्हा अडकत होतं.
तेव्हा तिनं विचारलं,
बाई, दोन्ही टोकं एकमेकांना बांधून टाकली,
तर प्रत्येक गुंता न कापता सुटतोच का?

सव्वीस वर्षं शिकवतेय.
माहीत नाही, म्हटलं.

काजल म्हणाली, करून बघू.