छाट

हजार विड्या म्हणजे पंचविसाचे चाळीस कट्टे.
अम्मा ते सुपात रचून, ओलं फडकं टाकून
घरकुलातून कारखान्यापर्यंत चालत न्यायची.
अकराचं ऊन. डांबराला चिकटून सुटणाऱ्या
तिच्या चपलेचा आवाज मोजत मी मागे.

खिडकीत गुरुपाद चेकर.
कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात काही नाही.
तो कट्टा उचलायचा,
अंगठ्याने विड्यांची तोंडं चाचपायचा
आणि रांगेतली तेलुगू, कन्नड, मराठी
एकदम गप्प व्हायची.
बोट वाकडं झालं की पन्नास छाट.
छाटीचे पैसे नाहीत. छाटलेली विडी परतही नाही.

शेजारची अंबव्वा अशा विड्या वळायची
की साच्यातून ओतल्यात वाटावं.
तिच्याच सगळ्यांत जास्त छाटल्या जायच्या.
खोट काय ते तरी सांगा, म्हणून ती खिडकीचा गज धरायची.
अम्माच्या चार.
रोज चार. पाचवी कधी नाही.

मला कळलं ते सातवीत असताना.
नऊशे शहाण्णव विड्या अम्मा न बघता वळायची,
भाताकडे, टीव्हीकडे, माझ्या पाढ्यांकडे लक्ष ठेवून.
शेवटच्या चारांसाठी मात्र चष्मा लावायची.
तंबाखू चिमूटभर कमी.
सुताचा एक वेढा सैल.
तोंड दुमडलेलं, पण नखाएवढं तिरकं.
अंगठ्याला सापडेल इतकं वाईट,
मुद्दाम केलंय असं वाटणार नाही इतकंच वाईट.
मग त्या चारी डावीकडून तिसऱ्या कट्ट्यात,
कारण गुरुपादचा हात आधी तिथेच जातो,
हे तिने दोन उन्हाळे नुसतं बघून ठेवलं होतं.

तिननी, ती म्हणाली. खाऊ दे त्याला.
उपाशी माणूस सुपात कोपरापर्यंत हात घालतो.
चार मिळाल्या की म्हणतो,
बालमणी, लक्ष कुठंय तुझं?
मी मान खाली घालते.
ती मानही वळावी लागते, विडीसारखी.
चांगली विडी सहा महिन्यांत येते गं.
वाईट विडी चांगली वळायला
वीस वर्षं गेली माझी.

पुढे जिल्हा परिषदेत अकरा वर्षं मी हेच केलं.
प्रत्येक टिप्पणीत साहेबांसाठी एक चूक,
त्यांचं पेन जिथे टेकतं तिथे.
आकडे माझे, मसुदा माझा,
लाल गोल त्यांचा.

आता कूलरसमोरची खुर्ची माझी आहे.
मंगळवारी रेवणसिद्धने फाइल ठेवली.
पहिलंच पान, दुसरी ओळ,
‘मंजूरी’तला जू दीर्घ.
बाकी चौदा पानं स्वच्छ.
लाल पेन मी उघडलंसुद्धा होतं.
अंगठा टोपणावरून फिरत होता, चाचपत.
फाइल तशीच मिटून मी घरी आले.

अम्माची बोटं अजून पदराचं टोक वळत असतात.
विचारलं, गुरुपादला कधी कळलं नाही ना?

कळलं नाही? ती हसली, खोकला येईपर्यंत.
तुला ताप होता त्या दिवशी मी चार वळल्याच नव्हत्या.
त्याने तिसरा कट्टा उचलला, चाचपला,
माझ्याकडे बघितलं.
मग चार चांगल्या काढून मोडल्या,
मान वर न करता.
शेठला त्याचीही वही दाखवायची असायची.
कोऱ्या वहीच्या चेकरला कोण ठेवून घेतं?

आणि अंबव्वा?
अम्मा बराच वेळ पदर वळत राहिली.
तिने त्याला काहीच दिलं नाही.
मग किती घ्यायचं ते त्याला कळायचं नाही.

बुधवारी सकाळी रेवणसिद्धला बोलावलं.
जू भोवती लाल गोल केला, जरा मोठाच.
म्हटलं, लक्ष कुठंय तुझं?
त्याने मान खाली घातली.

छान वळली होती.