दीड तास

सोहार बंदरात क्रेनच्या केबिनमध्ये माझ्यासमोर पडदा असतो:
किती टन उचललेत, अजून किती झेपतील.
आकडा लाल झाला की क्रेन आपणहून
हात आखडता घेते.

माझ्या हाताला तशी सोय नव्हती.
आता आहे. डाव्या दंडावर रुपयाएवढी पांढरी चकती,
आई जिथे ताईत बांधायची, नेमकी तिथेच.

चकती मोबाइलला सांगते,
मोबाइल शालनला सांगतो, तिकडे शृंगारतळीला,
जिथे घड्याळ आमच्यापेक्षा दीड तास पुढे.
मी डोळे उघडायच्या आत तिला ठाऊक असतं
रात्र माझ्या रक्तातून कशी गेली.

अकरा वर्षं मी फोनवर "मजेत" म्हणत आलो.
खोलीत सहाजण, तळपायाला मुंग्या, रात्री चारदा उठणं,
मजेत.
कंपनीच्या तपासणीआधी दोन दिवस उपाशी राहून मिळवलेला शिक्का,
मजेत.
मध्ये दर्या असला की फार सोपं असतं ते.

आता ती विचारते, "काल साडेचारला दोनशे सहा कशाने?"
मग कबूल करावं लागतं:
मिजानुरला मुलगी झाली, त्याने पेढे वाटले.
"किती खाल्लेत ते नाही विचारत,
मुलीचं नाव काय ठेवलं?"
मला विचारायचं सुचलंच नव्हतं.

गुरुवारी रात्री पडद्यावर तिघीजणी जमतात.
सिस्टर जुवैना आठवड्याची रेघ बोटाने चढते-उतरते,
"साळवी, हा डोंगर कसला?"
डॉक्टर बिंदू दोन युनिट कमी करतात, एक गोळी बदलतात.
मारिसेल विचारते, भात किती ग्रॅम?
मी मूठ वळून कॅमेऱ्यापुढे धरतो. अशा तीन.
तिने तो शब्द वहीत लिहून घेतला.
आता म्हणते, "दीड मूट, साळवी, दीड. बाकी मासा, भाजी."
स्वतःची मूठ एवढी मोठी असेल
असं मला कधी वाटलं नव्हतं.

मे महिन्यातली रात्रपाळी. जहाज उशिरा लागलं.
सुई टोचून झालेली, डबा मात्र खोलीवर राहिला.
मोबाइल नियमाप्रमाणे सीटमागच्या पिशवीत, मुका.
घाम फुटला. मला वाटलं, दमट हवा.
खालच्या धक्क्यावरचे दिवे एकाचे दोन झाले.
मला वाटलं, धुकं.

शृंगारतळीला पावणेतीन वाजले होते.
बावन्न.
तिने मला तीनदा लावला, मग दुसरा नंबर फिरवला,
जुवैनाने हट्टाने लिहून घेतलेला: एक घरचा, एक जवळचा.
फोरमन सामेह इजिप्तचा, शालनला धड इंग्रजी येत नाही.
"साळवी. शुगर," ती म्हणाली. "साळवी. शुगर."
एवढंच, तो हो म्हणेपर्यंत.

वॉकीटॉकी खरखरला: "लोड खाली ठेव. हळू. खजूर खा."
मी कंटेनर टेकवला,
तान्हं पोर पाळण्यात ठेवावं तसा.
तीन खजूर. बिया हातातच.
सामेह, एवढा जाडजूड माणूस, शिडी चढून वर आला,
धापा टाकत दारात बसला, काही बोलला नाही.
एकसष्ट. चौऱ्याहत्तर. अठ्ठ्याण्णव.
तिकडे ती बघत होती,
दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तशी.

उरलेली पाळी दुसऱ्याने ओढली.
लॉगबुकात सामेहने लिहिलं: नऊ मिनिटं, ऑपरेटरची साखर.
कंपनीच्या कागदावर माझं पहिलं खरं वाक्य,
तेही दुसऱ्याच्या अक्षरात.

पहाटे खोलीवर येऊन फोन केला.
काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं,
"तू कशी आहेस?"
"मजेत," ती म्हणाली.

तिच्या दंडावर काही लावलेलं नाही.