अडीच सेकंदांची झोप

न्यूकॅसलच्या ऑफिसात माझं काम एवढंच:
फोनने किती वेळ झोपावं ते ठरवायचं.
अडीच सेकंद गाढ,
मग पापणीभर जाग,
माझ्यासाठी काही? नाही? की पुन्हा आडवा.
दिवसातून तीसेक हजार वेळा
तो अशी कूस बदलतो तुमच्या खिशात
आणि तुम्हाला वाटतं, नुसता पडून आहे.

जाग महाग असते. झोप स्वस्त.
हे मी तक्त्यांत मांडते, मिलीअँपिअरमध्ये,
आणि मीटिंगमध्ये कुणी विचारलंच
हे सुचलं कुठून, तर टॉवरकडे बोट दाखवते.
खरं तर अण्णांकडे दाखवायला हवं.

अण्णा सांगोल्याकडच्या एका गावचे कोतवाल.
खांद्याला हलगी,
चावडी, पाणंद, वरची आळी, तीनच जागा,
तीनदा तेच वाक्य:
"उद्या सकाळी डोस हाय, पोरं घिऊन शाळंत या होऽऽ"
घरोघर हिंडलो असतो, म्हणायचे, तर पाय उरले नसते.
आणि गाव? ते अर्धा कान देऊन कामात.
पहिल्या दोन शब्दांत कळायचं, कालचीच दवंडी,
की मान खाली, पुन्हा खुरपं.
तेवढंच मी आता यंत्राला शिकवते:
आधी फक्त नंबर बघ संदेशाचा.
ऐकलेला असेल तर जागू नकोस.

नोव्हेंबरात वादळ आलं तेव्हा
कोकेट नदीकाठच्या आमच्या वाडीत
तीन दिवस वीज नव्हती.
शेजारच्या ऑलिव्ह डॉड, वय ब्याऐंशी,
किटलीवाचून हवालदिल,
फोन मुठीत धरून दारात उभ्या: "नऊ टक्के उरलेत गं."
मी म्हटलं, बंद नका करू.
राहू दे उशाशी. त्याला झोपता येतं,
शिकवलंय त्याला.
त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्यालाही येत होतं,
हाक मारली तरी उठायचा नाही.

तिसऱ्या रात्री पावणेचारला
माझ्या फोनने आरोळी ठोकली.
ही आरोळी मी लॅबमध्ये शंभरदा ऐकलेली,
दुपारी, सँडविच खाताना.
नदी चढते आहे. वरच्या मजल्यावर जा.
टॉवर बोलला, स्वतःही बॅटरीवर तगलेला,
ना कुणाचं नाव घेतलं, ना कुणाला वगळलं.
डावीकडे रॉबसनांच्या घरात तीच आरोळी
आणि तिच्यामागून त्यांच्या तान्ह्याची,
पबच्या माळ्यावर, पुलाच्या टोकाला,
अख्खी वाडी एका दमात दचकली.

फक्त उजव्या भिंतीमागे काहीच नाही.

नऊ टक्के जपायला
बाईंनी तो बंद केला होता.
बिस्किटांच्या डब्यात ठेवला होता, हे मागाहून कळलं,
चांदीच्या चमच्यांशेजारी.

मला तान्याबाई आठवली, पाटाच्या कडेची, ठार बहिरी.
तीन जागी ओरडून झालं की अण्णा
हलगी पाठीवर टाकून तिच्याकडे वेगळे जायचे,
खांद्याला हात लावून सांगायचे.
त्या चौथ्या फेरीचा हिशेब
माझ्या एकाही तक्त्यात नाही.

अंगणात पाणी घोट्याला लागलं, गार म्हणजे भाजल्यासारखं.
मी दार ठोकलं
मुठीने, मग हाताला लागलेल्या कुंडीने.
अण्णांचा ताल मला कधीच जमला नाही.
बऱ्याच वेळाने दार उघडलं:
शेकोटीपाशी खुर्चीतच झोपलेल्या बाई,
लोकरी टोपी डोळ्यांवर आलेली.
"अगं, एवढ्या रात्री?"
मग त्यांनी खाली, आपल्या सपातांकडे पाहिलं.

उजाडेपर्यंत आम्ही जिन्यात बसलो.
तीन पायऱ्या पाण्यात, सातवीवर आम्ही,
त्यांच्या मांडीवर तो डबा.
झाकण काढून त्यांनी फोन चालू केला,
काच माझ्यासमोर धरली.
नऊ टक्के. अजून नऊ.
"बघ," बाई म्हणाल्या,
"जपले की नाही?"