दोनदा तळलेलं

जुळे सोलापुरात टायरच्या दुकानावर
नवं हॉटेल निघालंय.
जिन्यात अजून ओल्या रंगाचा वास,
वर सहा टेबलं, एक कूलर,
आणि भिंतीवर कुठल्यातरी नदीवरचा पूल, रात्रीचा.
"कुठली गं ही नदी?" नायनांनी विचारलं.
मी म्हटलं, "तिकडची."
"पाणी आहे की भरपूर," ते म्हणाले.
आमच्या बोळात नळ यायला अजून तीन दिवस होते.

मेनू मीच धरला, किमतीवर अंगठा ठेवून.
तरी त्यांनी वाचलंच,
चाळीस वर्षं तुटला धागा शोधणारे डोळे ते.
"एका बाटलीत तुझ्या अम्माच्या
साडेपाच हजार विड्या बसतात."
मग जरा वेळानं, "मागव की."

हिरवी बाटली आली, घाम फुटलेली.
आणणारा कुंभारीचा सिद्राम,
पुण्यात एका कोरियन बाईच्या हाताखाली
दोन वर्षं राबून आलेला.
"काका, याचा रिवाज असतो.
लहानानं दोन्ही हातांनी ओतायचं,
आणि मोठ्यांसमोर पिताना
तोंड बाजूला वळवायचं."
नायनांना ऐकू गेलं नाही.
मी जवळ सरकून, ओठ मोठे करून पुन्हा सांगितलं.
"तोंड वळवून?" ते हसले.
"ते येतं मला."

येतं.
पगाराच्या शनिवारी शिंदी पिऊन आले
की भिंतीकडं तोंड करून झोपायचे,
आम्हा पोरींना वास येऊ नये म्हणून.
यायचाच. आंबूस, शिळ्या ताकासारखा.
आम्ही दोघी झोपेचं सोंग घ्यायचो, तेही घ्यायचे.
दहा बाय दहाच्या खोलीत तीन सोंगं
आणि विड्या वळत बसलेली एकटी जागी अम्मा.

मग चिकन आलं. लाल, चिकट, वर तीळ.
वाटीत मुळ्याचे पांढरे चौकोन, आंबटगोड,
आणि प्लॅस्टिकचे हातमोजे.
"हे कशाला? आपल्याला हात नाहीत?"
तरी घातले.
उजव्या तर्जनीचं टोक रिकामं राहिलं.
एकोणनव्वद साली मागानं नेलेलं पेर
जिथं असायचं, तिथं नुसतं प्लॅस्टिक
फडफडत राहिलं कूलरच्या वाऱ्यात.
सिद्रामनं पाहिलं,
आणि काही न बोलता कूलर दुसरीकडं वळवला.

पहिला घास.
नायना चावता चावता थांबले.
तिखट लागलं असेल म्हणून मी पाणी सरकवलं.
त्यांनी हात वर केला. पुन्हा चावलं.
"वाजतंय," म्हणाले.

काय?

"हे. ऐकू येतंय मला."

मागांच्या खडखडाटात गेलेले कान.
डॉक्टरनं दिलेलं यंत्र कपाटात पडून आहे,
ते लावलं की म्हणे पुन्हा कारखाना सुरू होतो.
दाराची कडी, कुकरची शिट्टी,
अम्माचं तेलुगूतलं पुटपुटणं, माझी हाक,
सगळं कधीचं उंबऱ्याबाहेर.
आणि हा आवाज दातांतून, जबड्याच्या हाडावरून
मागच्या दारानं घरात शिरला होता.

"दोनदा तळतो आम्ही," सिद्राम लाजत म्हणाला.
मी ते त्यांना ओरडून सांगितलं नाही.
सात तुकडे त्यांनी डोळे मिटून खाल्ले,
मधेच मान डोलवत, भजनात बसल्यासारखे.

मी माझा पेला उचलला, तोंड वळवलं.
खिडकीखाली एक पोरगा पंक्चरची ट्यूब
बादलीत बुडवून बुडबुडे शोधत होता.
सोजूला फार चव नाही.
गोडसर, मग एकदम घशाशी ऊन.
"काय बघालीस तिकडं?" मागून आवाज आला,
बहिऱ्या माणसाचा, वाजवीपेक्षा मोठा.
सगळी टेबलं वळली.
"इकडं बघून पी."

अम्मासाठी चार तुकडे बांधून घेतले.
ती इथलं काही खाणार नाही, हे दोघांनाही माहीत.
जिन्यात दिवा नव्हता.
पिशवी छातीशी धरून नायनांनी विचारलं,
"थंड झाल्यावर वाजेल का गं हे?"
मी मान हलवली.
कशी, ते अंधारात त्यांना दिसलं नसावं.