पाठकोरं

मंगळवारी दुपारी, चॅपलमागच्या खोलीत
हीटर लावायचा तर तासाला एक पौंड,
म्हणून म्युरिएल प्लॉराइट कोट घालूनच बसते
आणि तेराशे एकोणपन्नास सालात शिरते.

गावचं दप्तर गावात नाहीच.
ते जहागिरीबरोबर गेलं, दोन लिलावांत फिरलं,
दीडशे मैलांवरच्या ग्रंथालयात
एका थंड कपाटात जाऊन पडलं.
वीस वर्षांपूर्वी क्लिफर्डनं ते पाहायला मागितलं
तर म्हणाले, शिफारसपत्र आणा.
तो पंपघरावर होता. चाळीस वर्षं
समुद्राला गावाच्या वेशीवर थोपवून धरलं त्यानं,
पण त्याची शिफारस करील
असं ओळखीत कुणी नव्हतं.

आता सगळं पडद्यावर. फुकट.
मेंढीचे केस खरवडल्याच्या खुणासुद्धा दिसतात,
दोन बोटांनी ताणलं की एकेक अक्षर पावाएवढं होतं.
फक्त वाचता कुणाला येत नाही.

वाचते दाइवा. ती लिथुआनियाची,
रात्रपाळीला खोक्यांत कोबी भरते.
शाळेत लॅटिनला एक छडीवाली बाई होती तिला,
तिचं भय अजून उपयोगी पडतं.
'ॲलिस, रॉजरची बायको. बिअर पातळ विकली. दंड दोन पेन्स.'
'जॉन, बांधावरचा. याचं डुक्कर शेजाऱ्याच्या वाटाण्यात.'
बांधावरच्यांची डुकरं अजून तशीच, क्लिफर्ड म्हणतो,
आणि बिस्किटाचा डबा फिरतो.

मग चौदावं कातडं.
इथे दंड नाही, भांडण नाही.
मेला. मेली. मेला.
आणि प्रत्येकापुढे जहागीरदाराला द्यायचं जनावर:
गाय. गाय. घोडी, आंधळी.
काही नाही, कारण काही नव्हतं.
अकराव्या ओळीत, नाव अर्धं लिहून झाल्यावर
अक्षराचं वळण बदलतं.
आधीचं बारीक, उजवीकडे कललेलं.
नंतरचं गोल, शाई जास्त घेतलेलं,
पाटीवरून नुकतंच उठून आल्यासारखं.
का, ते कुठेच लिहिलेलं नाही.
दुसऱ्यानं आधी ते अर्धं नाव पूर्ण केलंय,
मग पुढची ओळ.

डबा बंद करायला कुणाच्या लक्षात राहत नाही.

खालच्या कडेला मागची शाई झिरपून आलीय.
सूचीत मात्र नोंद: पाठ कोरी.
म्युरिएल पत्र लिहिते. नऊ आठवड्यांनी उत्तर:
छायाचित्रण एकाच बाजूचं झालं, निधी तेवढाच होता,
पाठीचा विचार पुढच्या टप्प्यात.
ती चौऱ्याऐंशीची आहे.
'पुढचा टप्पा' हे शब्द हल्ली
ती इस्पितळातही ऐकते.

अंगठा दाइवाला दिसला.
मोजपट्टी आणि रंगांच्या चिठ्ठीशेजारी,
कातड्याचा कोपरा दाबून धरलेला,
हातमोजा नसलेला, नख खाल्लेला अंगठा.
कळवायला हवं, क्लिफर्ड म्हणाला, कापून टाकतील ते.
म्हणून तर कळवायचं नाही, म्युरिएल म्हणाली,
आणि तिनं वहीत नोंद केली:
'चौदा. माणसं एकोणतीस, जनावरं सतरा,
लिहिणारे हात दोन. अंगठा एक, निनावी.'

ॲलिस, जॉन, आंधळ्या घोडीचा मालक,
सही कुणालाच येत नव्हती.
त्या सगळ्यांच्या वतीनं
उशिरा का होईना, एवढा एक अंगठा उठला.

पाच वाजता दाइवाची व्हॅन हॉर्न देते.
लॅपटॉप तिचाच, तिला न्यायचाय.
थांब, म्युरिएल म्हणते,
चष्मा कपाळावर सरकवते
आणि चौदावं कातडं उघडं असताना
लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून
त्याची मागची बाजू बघते.

तिथे कोबीच्या कंपनीचा स्टिकर आहे,
अर्धा सोललेला.